खांबगाडी आणि सखुबाईचे पाच दगड

मित्रांनो, कनेरगाव नाक्यावर धर्मसिंगच्या ढाब्यावर कधी चहाला थांबलात, तर जरा मागच्या बाजूला डोकावा. तिथे बाभळीखाली एक पिवळी, गंजलेली गाडी उभी आहे. तिच्या केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालतात आणि तिच्या लांब लोखंडी हातावर धर्मसिंगची बायको गोधड्या वाळत घालते. ती जुनी खांबगाडी म्हणजे मी. नाक मुरडू नका. या हिंगोली जिल्ह्यातले कितीतरी टेलिफोनचे खांब मी उभे केले आहेत, आणि त्यातल्या एका खांबासाठी मी दिवसभर हात वर करून उभी राहिले आहे. त्या खांबाची गोष्ट मला सांगायची आहे. पण आधी माझी ओळख होऊ द्या, नाहीतर तुम्ही मला उसाच्या गाड्यांपैकी एक समजाल.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी नुसता सांगाडा होते. चाके, इंजिन आणि ड्रायव्हरला बसायला केबिन, एवढाच काय तो संसार. माझ्या बरोबरीच्या गाड्यांना मागे फळ्या ठोकल्या आणि त्या माल वाहायला गेल्या. मला मात्र एका मोठ्या वर्कशॉपात नेले. तिथे माझ्या पाठीवर लोखंडी हात बसवला, त्याच्या टोकाला साखळी आणि हुक लावला. मागच्या बाजूला गिरमिट बसवले. सुतार लाकडाला भोक पाडतो ते गिरमिट तुम्ही पाहिले असेल; माझे तसेच, फक्त माणसापेक्षा उंच. ते फिरवले की जमीन भुसभुशीत होऊन वर येते आणि खाली खोल, गोल खड्डा तयार होतो. मग हाताने खांब उचलायचा, खड्ड्यात सोडायचा, आणि माणसांनी माती दगड ठोकून तो पक्का करायचा. हे माझे काम.

माझ्याआधी एक खांब उभा करायचा म्हणजे गडीच गडी लागत. कोणी पहारीने खणायचा, कोणी दोरखंड ओढायचा, आणि बाकीचे नुसतेच ओरडायचे. मी आले आणि ओरडणाऱ्यांचा धंदा बसला. आखाडा बाळापूरला मी पहिल्यांदा गेले तो बाजाराचा दिवस होता. गिरमिट फिरायला लागले तसा अर्धा बाजार माझ्याभोवती गोळा झाला. एक म्हातारा तोंडातले पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून म्हणाला, "पान खाऊन होईस्तोर खड्डा! मशीन हाय का भूत?" मला त्या दिवशी फार बरे वाटले. खोटे कशाला बोलू, अजूनही आठवले की वाटते.

पुढे लोकांच्या खिशात मोबाइल आले. तारांच्या फोनला कोणी विचारेना. मी उभ्या केलेल्या खांबांवर वेली चढल्या, काही खांबांना लोकांनी म्हशी बांधल्या. मी हिंगोलीत एका आवारात पडून राहिले आणि माझ्या टायरांना भेगा गेल्या. गरज सरो, वैद्य मरो, असे म्हणतात ते काही उगीच नाही. मग काही वर्षांनी इंटरनेटसाठी काचेच्या धाग्याची नवी तार निघाली. ती गावोगाव न्यायची, ग्रामपंचायतीला आणि शाळेला जोडायची, असे ठरले. आणि तारेला शेवटी खांबच लागतो. मला पुन्हा तेलपाणी झाले, पिवळा रंग चढला, आणि माझा ड्रायव्हर वसराम पुन्हा माझ्या केबिनमध्ये येऊन बसला.

वसराम सेनगावकडच्या एका तांड्यावरचा. तरुणपणापासून मला चालवत आलेला. फार बोलायचा नाही. सकाळी किल्ली फिरवण्याआधी बॉनेटवर एकदा तळहात ठेवायचा, बस. त्याच्या वाट्याचे बोलण्याचे काम त्याचा जोडीदार प्रेमदास करायचा. प्रेमदास साखळी बांधायचा, खांब धरायचा आणि तोंड चालू ठेवायचा. पोटात काही राहायचे नाही त्याच्या.

आमच्या कामाची एक रीत होती, ती नीट ध्यानात ठेवा. मी जाण्याआधी वसराम मोटारसायकलवर पुढे जाऊन जागा ठरवून यायचा. खांब जिथे यायचा तिथे तो चुन्यात बुडवलेला एक दगड ठेवायचा. जिथे तारेला वळण घ्यायचे असेल तिथे पाच दगड. वळणाच्या खांबावर दोन्हीकडून ओढ पडते, त्याला मागून ताणाची तार लावावी लागते, म्हणून तिथे जमीन घट्ट हवी. पाच दगड दिसले की मी समजायचे, इथे जरा जपून.

साखऱ्याच्या अलीकडे एका वाडीच्या वाटेवर असेच एक वळण होते. सगळीकडे काळी माती. काळी माती पिकाला चांगली, पण खांबाला नाही. उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, आणि खांब बिचारा दारू प्यायल्यासारखा कलतो. फक्त एका बांधाच्या कोपऱ्यावर, थोड्या उंचवट्यावर, मुरूम लागत होता. वसरामने उन्हाळ्यात तिथे पाच पांढरे दगड मांडले आणि तो परत आला. मग पाऊस लागला. त्या चिखलात मी गेले असते तर आजही तिथेच रुतून बसले असते. म्हणून सोयाबीन निघेपर्यंत थांबलो आणि जमीन वाळल्यावर, एका गुरुवारी सकाळी, खांब घेऊन वाडीच्या वाटेला लागलो.

वळणावर आलो तर प्रेमदास एकदम ओरडला, "वसरामभाऊ, थांब! देव हाय इथं!"

खरेच देव होता. पाच दगड होते तिथेच होते, पण त्यांना नवा, पांढराशुभ्र चुना लावलेला होता. प्रत्येकाला हळदीकुंकवाचे बोट. पुढे झेंडूची फुले आणि गुळाचा खडा, आणि गुळाला मुंग्या. तुम्हाला ठाऊकच असेल, आपल्याकडे शेतात पाच दगड मांडून त्यांना चुना देतात आणि पांडव म्हणून पुजतात. आमच्या खुणेच्या दगडांचे पावसाळ्यात पांडव झाले होते. आणि त्या पांडवांच्या शेजारी, मांडी ठोकून, एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर बटणांचा एक छोटा फोन होता.

ती सखुबाई. शेत तिचे आणि तिचा नवरा किसनराव याचे. किसनराव जरा लांब, विहिरीच्या काठावर, आमच्याकडे पाठ करून उभा होता. तो तिथूनच म्हणाला, "मी सांगून सांगून थकलो बापा. सोम्याची माय ऐकून न्हाई राहिली. तुमीच समजावा."

"मावशी, इथं काहून बसल्या?" वसरामने खाली उतरून विचारले. "आमाला इथं खांब गाडायचा हाय."

"गाड की बाबा. मोप रान पडलंय. हे पाच सोडून कुठं बी गाड."

वसरामने तिला मुरूम, काळी माती, वळण, सगळे सांगितले. ती मान हलवत ऐकत होती, पण जागची हलत नव्हती. शेवटी वसराम तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने एक साधा प्रश्न विचारला. "तुमी रोज येता का इथं?"

या प्रश्नाने ती बोलती झाली. तिचा मुलगा सोमेश्वर पुण्याकडे कंपनीत होता. बापाला वाटे त्याने शेती पाहावी. त्याला कंपनी हवी होती. वाद वाढला, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांची शिंगे रंगवायची सोडून, पोरगा घरातून निघून गेला. त्या पोळ्याला किसनरावने बैल एकट्याने मिरवले. त्यानंतर बापलेकांत बोलणे नाही. वाडीत फोनला रेंज नाही. पोराचा आवाज कानावर न पडता वर्ष सरत आले होते.

"मंग एक दिस गवत कापायला इथं आले," सखुबाई म्हणाली. "हे दगड दिसले. टेकले जरा. अन् फोन वाजला! सोम्याच व्हता. म्हने, माय, मी रोज लावतो, तुझा लागतच न्हाई. तवापासून दर गुरवारी त्याची सुट्टी असती, अन् इथं त्याचा फोन येतो. आता सांग, हे दगड मी कशी हलवू दिऊ? दगड हलले अन् फोन बंद झाला तर?"

मित्रांनो, त्या उंचवट्यावर रेंज पकडत होती, एवढीच ती गंमत होती. मला कळत होते, वसरामलाही कळत होते. पण आईला हे कसे सांगायचे? वसराम दगडांकडे पाहत राहिला. प्रेमदासला मात्र राहवले नाही.

"अवो मावशी, देव कशाचा! हे आमचेच दगड. ह्या वसरामभाऊनं उन्हाळ्यात चुना लावून—"

"प्रेमदास!" वसराम ओरडला. त्याला ओरडताना मी पहिल्यांदाच पाहिले.

सखुबाई मात्र हसली. "मला काय म्हाईत न्हाई? म्या त्या लिंबाखाली बसून भाकर खात व्हते, तवा हा गडी इथं दगड मांडत व्हता. मोटारसायकल बी लाल व्हती. दगड त्याचेच हायेत." मग तिने पदराने एका दगडावरची माती पुसली. "पर बाबा, सगळेच देव कोनीतरी मांडलेले असतेत. मांडून तुमी निघून गेलात. रोज पानी कोनी घातलं?"



तेवढ्यात फोन वाजला. सखुबाई दचकून उठली. पण वाजला होता वसरामच्या खिशातला. रेंज सगळ्यांनाच सारखी. पलीकडून आमचे देखरेखीचे साहेब, अनिरुद्ध, बोलत होते. वसरामने अडचण सांगितली. ते वाईट नव्हते, पण त्यांच्याही डोक्यावर कोणी होतेच. आज वळणाचा खांब झाला नाही तर तार सरळ डांबरी रस्त्याने पुढे न्यायची आणि ही वाडी सोडून द्यायची, असे त्यांनी सांगितले. वाडीची शाळाही मग राहिली.

वसरामने फोन खिशात टाकला आणि सखुबाईला हे जसेच्या तसे सांगितले.  शाळा तारेवाचून राहील ही गोष्ट तिला लागली असावी. शेवटी ती म्हणाली, "आज गुरवार हाय. सोम्याचा फोन येईल. त्याला सांगते की बाबा, जागा हलून राहिली. तो बरं म्हनला तर माझ्या हातानं दगड उचलते. फोन न्हाई आला, तर मशीन घेऊन वापस जायचं. कबूल?"

"कबूल," वसराम म्हणाला.

त्याने माझे इंजिन बंद केले. गिरमिट वर उचललेले, हात वर धरलेला, हुकाला खांब टांगलेला, अशी मी त्या वाटेवर उभी राहिले. ऊन चढले. प्रेमदास माझ्या सावलीत झोपून गेला. वाडीतली माणसे येऊन पाहून गेली. कोणी सखुबाईला समजावले, कोणी वसरामला हसले. एका शहाण्याने मला पाहून विचारले, "बिघडली काय?" तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सखुबाई फोन मांडीवरून उचलायची, पडद्याकडे पाहायची, परत ठेवायची. दुपार झाली, दुपार कलली, फोन काही वाजेना. किसनराव विहिरीवरून घरी गेला नाही, जेवला नाही. तो तिथेच काठावर बसून राहिला, पाठ आमच्याकडे, कान मात्र इकडे.

मला आयुष्यात कधी कुणाच्या फोनची वाट पाहावी लागली नव्हती. इतके खांब उभे केले, इतक्या तारा माझ्यामुळे ओढल्या गेल्या, पण त्यांतून काय जाते ते मला त्या दिवशी कळले. त्यांतून कुणाच्या तरी पोराचा आवाज जातो.

सावल्या लांब झाल्या. वसराम उठला, माझ्याजवळ आला आणि बॉनेटवर तळहात ठेवला. सकाळशिवाय तो असे कधी करत नसे. मी ओळखले, आता परत जायचे. सखुबाईनेही ओळखले. तिचा चेहरा एकदम लहान झाला.

आणि फोन वाजला.

"सोम्या! आरं किती उशीर! ... ओव्हरटाइम व्हता? ... जेवलास ना? ... ऐक, इथं खांब येऊन राहिला. व्हय, इथंच. दगड हलवावे लागतेत. ... काय? हसतो काहून मेल्या?" ती बोलता बोलता रडत होती आणि रडता रडता त्याला शिव्या देत होती. मग ती उठली, आणि फोन कानापासून काढून तिने विहिरीकडे धरला. "अवो," ती ओरडली, "फोन तिकडं येत न्हाई. तुमालाच इकडं यावं लागंल."

किसनराव उठला. चार पावले आला, थांबला. पुन्हा चार पावले आला. त्याने फोन घेतला, कानाला लावला आणि नुसताच उभा राहिला. बायकोपुढे, आमच्यापुढे, आख्ख्या वाडीपुढे त्याला शब्द सापडेना. माणसाचा मान मोठा वाईट असतो, मित्रांनो. घशात अडकला की पाण्याने उतरत नाही. त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

"खांबाची गाडी आली हाय," तो म्हणाला. "ती पिवळी, गिरमिटवाली. लहानपनी हिच्यामागं साखऱ्यापस्तोर हिंडला व्हतास, ध्यानात हाय का?" मग घसा खाकरून म्हणाला, "पाह्यला ये गाडी. पोळ्याला ये."

एवढे बोलून त्याने फोन बायकोच्या हातात दिला आणि तो पुन्हा विहिरीकडे निघून गेला. दोन शब्दांत "घरी ये" म्हणता आले नाही, म्हणून त्याने माझे नाव पुढे केले. खरे सांगते, लहानपणचा सोमेश्वर मला आठवत नाही. माझ्यामागे इतकी पोरे धावली की कोण कुठले, काय सांगू? पण आखाडा बाळापूरच्या बाजारात झाले नव्हते एवढे माझे कौतुक त्या एका वाक्यात झाले.

सखुबाईने शब्द पाळला. एकेक दगड तिने पदरात घेतला आणि लिंबाखाली नेऊन ठेवला. वसरामने नारळ फोडला. मी गिरमिट खाली सोडले. वर काळी माती, मग पिवळा मुरूम, कडक आणि कोरडा. इतक्या हळू मी कधी खड्डा केला नसेल. खांब सरळ उभा राहिला, ताणाची तार बसली, माती ठोकून झाली. मग तिने पाचही दगड परत आणून खांबाच्या बुडाशी गोल मांडले आणि हळदीकुंकवाची बोटे दगडांना लावली, खांबाला लावली. जाता जाता माझ्या बॉनेटलाही लावली. "तू बी दिसभर उपाशी व्हतीस माय," ती म्हणाली.

काचेची तार पुढे शाळेत गेली. तिच्या मोबाइलचा आणि त्या तारेचा काडीचा संबंध नव्हता, पण पुढच्या गुरुवारी त्या खांबाखाली फोन आला, असे प्रेमदासने ऐकून येऊन सांगितले. आता सखुबाईला कोण समजावणार? मी तर मुळीच नाही.

तेव्हापासून वसरामने आपली रीत थोडी बदलली. खुणेचा दगड ठेवण्याआधी तो बांधावरच्या माणसाला विचारायचा, "इथं रोज कोनी येतं का?" कोणी येत असेल तर दोन हात सरकवून ठेवायचा.

माझे मात्र दिवस भरले होते. पुढच्याच उन्हाळ्यात हाताला ताकद देणारा तेलाचा पंप गेला. माझ्या जातीचे सुटे भाग आता मिळत नाहीत. ट्रॅक्टरला जोडायच्या छोट्या, चपळ मशिनी आल्या आणि मालकाने मला ओढत आणून या ढाब्यामागे सोडले. मी घरंगळू नये म्हणून वसरामने चाकांखाली दगड लावले. जाताना त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. नंतर तो ट्रॅक्टरवर गेला. पोटासाठी जावेच लागते, माझा त्याच्यावर राग नाही. पण रोज सकाळी मला त्या हाताची आठवण येते.

त्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, ढाब्याशी एक मोटारसायकल थांबली. पुढे एक उंच, दाढी राखलेला तरुण, मागे डबा घेऊन सखुबाई. तरुणाने धर्मसिंगला विचारले, "खांबाची गाडी इथंच हाय ना? बापानं पाह्यला सांगितली व्हती."

धर्मसिंगने त्याला इथे आणले. सोमेश्वरने मला चारी बाजूंनी पाहिले. केबिनमधली कोंबडी हुसकावली. मग त्याने पिशवीतून एक डबी आणि ब्रश काढला. बैलांची शिंगे रंगवून उरलेला लाल रंग होता तो. "बाप म्हनला, उरलेला वाया जाऊ दिऊ नको," तो आईला म्हणाला, आणि टपावर चढून त्याने माझ्या हाताचे टोक, हुकापासून खाली, शिंगासारखे लालभडक रंगवले. सखुबाईने बॉनेटवर पुरणपोळीचा तुकडा ठेवला. धर्मसिंग हसायला लागला तशी ती त्याच्यावर डाफरली. "हसतो काय? ह्याच गाडीनं माझं लेकरू दारात उभं केलं." मग ती खाली वाकली. वसरामने चाकांखाली लावलेले दगड तिला दिसले. ती ढाब्यातून चुना मागून घेऊन आली आणि तिने ते दगड एकेक करून पांढरे केले.

मित्रांनो, मागच्या आठवड्यात भंगारवाला आला होता. त्याने माझ्या पत्र्यावर बोटे वाजवली आणि धर्मसिंगला म्हणाला, मालकाशी बोलणे झाले आहे, हिला ओढून नेतो, चाकांखालचे तेवढे दगड काढ. धर्मसिंगने दगडांकडे पाहिले. कोणीतरी त्यांच्यावर ताजी झेंडूची फुले ठेवली होती. ट्रक थांबवून चहा पिणारे कोणी असेल, नाहीतर नाक्यावरची एखादी बाई. त्यांना सखुबाई ठाऊक नाही, वसरामही ठाऊक नाही. धर्मसिंग म्हणाला, "गाडी तुमची. पर दगड मी न्हाई काढनार. तुमीच काढा." भंगारवाल्याने चपला काढल्या, दगडांपुढे उभा राहिला, आणि पुन्हा चपला घालून निघून गेला.

तो परत येईल, मला ठाऊक आहे. लोखंडाला शेवटी भट्टीत जावेच लागते. माझी त्याबद्दल तक्रार नाही. तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. तुमच्या गावात, तुमच्या घरात, एखादी जुनी वस्तू वाटेत आली असेल, ती हलवायची, मोडायची वेळ आली, तर हात लावण्याआधी माझ्या वसरामसारखे एकदा विचारा, "इथं रोज कोनी येतं का?"